कोई हौदाच्या फिल्टरमधील जलप्रवाह

कोई या शोभेच्या माशांच्या हौदातून दर तासाला जितके पाणी फिल्टरमधून जाऊन परत येते, ते या हौदाचे प्रवाहमान. ते लिटर प्रतितास असे मोजतात. कोई हा कार्प कुळातला मासा. त्याची रंगीत वाणे जपानच्या नीगाता भागातील भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात निवडीने घडवली आणि १९१४ च्या तोक्यो प्रदर्शनानंतर ती देशभर ठाऊक झाली. नीगाता हा बर्फाळ मुलूख आहे. मुंबईतल्या कांदिवलीचे हवामान त्याच्या अगदी उलट, आणि प्रवाहाचा इथला सारा हिशेब त्यामुळेच बदलतो.

२० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट माशांच्या उत्सर्गातला अमोनिया तापलेल्या पाण्यात अधिक विषारी ठरतो. सामू ८ असताना त्याचा घातक अंश २० अंशांना ४ टक्क्यांच्या आसपास असतो, तो ३० अंशांना ७ टक्क्यांवर जातो. फिल्टरमधील माध्यमावर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. त्यासाठी त्यांनाही प्राणवायू लागतो. म्हणून दोन तासांत एक फेरा हा प्रघात मुंबईत अपुरा समजावा आणि तासाला एक फेरा धरावा. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल हौदात ७,२०० लिटर पाणी मावते. प्रवाहही ताशी तेवढाच हवा.

हा वेग सगळीकडे मात्र चालत नाही. गाळ बसण्याच्या कप्प्यात पाणी संथच असावे लागते. तिथे ते दहा मिनिटे थांबावे असे धरले, तर या हौदाला १,२०० लिटरचा कप्पा लागेल. कप्पा लहान ठेवून मोठा पंप बसवला की विष्ठा फुटून बारीक होते, जिवाणूंच्या माध्यमावर बसते आणि पाणी गढूळच राहते. हौद करताना सर्वाधिक बिघडते ते इथे.

पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढवताना, नळीच्या वळणांत आणि तुंबलेल्या स्पंजात तो बराच घटतो. खरा प्रवाह बादलीने मोजावा. परतीच्या नळीखाली २० लिटरची बादली १० सेकंदांत भरली, तर तो ताशी ७,२०० लिटर.

कांदिवलीतल्या ठाकूर व्हिलेज किंवा लोखंडवाला संकुलातल्या एखाद्या सोसायटीच्या पोडियमवर असा हौद करायचा, तर १.२ मीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला १.२ टन येतो. बांधकाम अभियंत्याची संमती आधी घ्यावी. स्लॅब खोदून फिल्टर खाली नेता येत नाही. तो हौदाशेजारी, हौदातल्या पाण्याच्याच पातळीवर ठेवला की तळाच्या नळीतून पाणी आपोआप येते आणि पंपाला फार चढण पडत नाही.

पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन जिवाणूंना मारतो, त्यामुळे भर घालायचे पाणी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीनमुक्त करून घ्यावे. वीज गेल्यावर कोंडलेल्या फिल्टरमधला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात, म्हणून एअर पंपाला इन्व्हर्टरची जोड हवी. वीज फार वेळ गेली असेल, तर फिल्टरमध्ये साचलेले पाणी आधी गटारात सोडावे, मगच मुख्य पंप सुरू करावा.