खोऱ्यातली तरुण मंडळं

आमच्या भोर-वेल्ह्याकडं तरुण मंडळ म्हटलं की आता चौकातला फ्लेक्स आठवतो. मंडळाचं मूळ मात्र आधी सावडीत आहे आणि मग मुंबईच्या खोलीत.

सावड म्हणजे आज तुझ्या खाचरात लावणी, उद्या माझ्या. हिशेब दिवसांचा, पैशाचा नाही. इर्जिक त्याहून मोठं. ज्याचं काम अडलंय त्याच्याकडं सगळ्यांनी औतं घेऊन जायचं आणि त्यानं जेवण घालायचं. तिथं सभासद नव्हते, वहीही नव्हती.

वही आली मुंबईहून. नुसत्या भातावर घर भागंना, म्हणून इकडचा गडी गिरणीत, गोदीत, माथाडी कामाला गेला. लालबाग-परळकडं चाळीत गावची एक खोली असायची. पाळीपाळीनं झोपणारी वीस-पंचवीस माणसं, भिंतीकडंला ट्रंका. महिन्याची वर्गणी ठरलेली, बैठक चुकवली तर दंड. त्या पैशातनं गावच्या देवळाचं काम व्हायचं, भजनाची पेटी यायची, शाळेवर कौलं पडायची. कुणी तिकडं वारला तर त्याचं सगळं खोलीच करायची. शिकलेले थोडे, पण हिशेब आणा-पैशाचा. (मागं शेती ओढणाऱ्या बायांना कुणी वर्गणी मागितली नाही, आणि मतही विचारलं नाही.)

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमची बरीच माणसं गावी आली ती परत गेलीच नाहीत. मी तेव्हा विशी ओलांडलेला. इतिवृत्त कसं लिहायचं, ठरावाला सूचक-अनुमोदक का लागतो, हे आम्हाला त्या माणसांनी शिकवलं.

सरकारी वाट वेगळी होती. 1972 साली नेहरू युवा केंद्रं निघाली, 1987 ला त्यांचं संघटन झालं. केंद्राकडं नाव असलं की खेळाचं साहित्य मिळायचं. मग पोरं व्हॉलीबॉलसाठी कागद करायची. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं लागतात. सात सह्या कुठंही मिळतात. खरी अडचण पुढं. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांकडं बदल अर्ज द्यावा लागतो, दरसाल हिशेब द्यावा लागतो. तो पुण्याचा हेलपाटा कोण मारणार? कितीतरी मंडळांत कागदावर अजून जुनेच अध्यक्ष आहेत, त्यातले काही देवाघरी गेले.

मग खोऱ्यातल्या मंडळांचा संघ कशाला? तर धरणांमुळं. भाटघर 1927 चं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटणकडं जातं. वेल्ह्यातल्या पानशेत, वरसगावचं पुण्याला. आमच्या वाट्याला आली ती फुगवट्यानं तोडलेली गावं. समोरची वाडी दिसती, पण जायचं तर होडीनं नाहीतर लांबचा वळसा घालून. पावसाळ्यात आजारी माणूस झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत न्यायचा, तर एका वाडीची पोरं खांद्याला पुरत नव्हती. पुढच्या वाडीनं झोळी घ्यायची, असं ठरवायला मंडळं पहिल्यांदा एकत्र बसली. रस्त्याचा अर्ज नंतर. एका गावाचा अर्ज कचेरीत पडून राही. सगळ्या मंडळांचे शिक्के एका कागदावर आले तेव्हा साहेबानं बसायला खुर्ची दिली. कबड्डीचे सामनेही त्यातनंच. एका वाडीत सात गडी जमायचे नाहीत, म्हणून दोन वाड्यांचा एक संघ.

आता रस्ते झालेत. पोरं शिरवळला कंपनीत जातात, रात्रपाळी करून येतात, बैठकीला पेंगतात. जमिनी शहरातले लोक फार्महाऊससाठी घेतात. विकायच्या आधी मंडळाच्या कानावर घाला, असा ठराव आम्ही केला होता. तो कुणी पाळत नाही, कारण विकणाऱ्याला लाज वाटती आणि विचारणाऱ्यालाही.

संघाच्या घटनेत सभासद म्हणजे ‘गावातील तरुण’, एवढंच लिहिलंय. त्यात मुली बसतात का, यावर गेल्या बैठकीत दोन तास गेले. लग्न होऊन जाणारीला सभासद कशाला करायचं, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. मागं उभी असलेली कॉलेजची पोर म्हणाली, “आबा, मुंबईला गेलेली गडीमाणसं चालत होती ना?”

विषय पुढच्या महिन्यावर ढकललाय. तोवर लावणी उरकंल.