दाराशीं कोण, आंत कोण?

महाजालावरील एखादें पान मागितलें म्हणजे तें क्षणार्धांत पुढें उभें राहतें. तें कोणीं दिलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु या प्रश्नामागें इतिहास आहे. तो ठाऊक नसला म्हणजे उत्तर शोधणाराची हटकून फसगत होते.

जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालू केला. मागणी येतांच साठ्यांतील लेख काढून द्यावयाचा, हें त्याचें मुख्य काम. असा लेख म्हणजे स्थिर मजकूर. शंभर जणांनीं मागितला तरी त्यांतील अक्षर बदलत नाहीं. १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रांत रॉब मॅककूल यांनीं नवा सर्व्हर रचला, आणि त्याच वर्षीं सीजीआय हा संकेत ठरला. त्यायोगें दुसऱ्या प्रोग्रॅमकडून मागणीबरहुकूम ताजें पान तयार करून घेतां येऊं लागलें. हा चल मजकूर होय. मॅककूल यांच्या सर्व्हरची डागडुजी करतां करतां १९९५ सालीं अपाची जन्मास आला, आणि दोन्ही कामें तो एकटाच करूं लागला.

पुढें गर्दी वाढली. तेव्हांच्या रूढ पद्धतीप्रमाणें अपाची प्रत्येक जोडणीमागें एक स्वतंत्र प्रक्रिया गुंतवून ठेवी. एकाच यंत्रानें दहा हजार ग्राहक एकदम कसे सांभाळावे, हा प्रश्न १९९९ सालीं डॅन केगेल यांनीं मांडला. रशियाच्या इगोर सिसोयेव यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेला एन्जिनएक्स हें त्याचें एक उत्तर; त्याची एकेक प्रक्रिया हजारों जोडण्या पाहते. मग अनेक ठिकाणीं कामाची वांटणी झाली. दाराशीं एन्जिनएक्स बसला. चित्रें व तयार पानें तो स्वतः देई, आणि चल मजकुराची मागणी आंत अपाचीकडे धाडी.

येथेंच घोटाळा होतो. उत्तराच्या शिरोभागीं सर्व्हरचें नांव लिहिण्याची रीत आहे. परंतु आंतून आलेल्या उत्तरावरील अपाचीचें नांव गाळून तेथें आपलें घालणें, ही एन्जिनएक्सची मूळचीच चाल आहे. त्यामुळें दोन्ही प्रकारच्या पानांवर त्याचेंच नांव दिसतें. अपाची रिकामा आहे असें समजून कोणीं तो बंद केला, तर चल पानें तत्क्षणीं खुंटतील.

खरा पुरावा दोघांच्या नोंदवह्यांत असतो. एक चित्र आणि एक चल पान मागवावें. चित्राची नोंद दाराशींच राहिली व चल पानाची दोन्हीकडे सांपडली, तर वांटणी यथास्थित आहे. चित्राचीही नोंद आंत आढळली, तर द्वारपाल आपला भार दुसऱ्यावर टाकीत आहे, असें समजावें. शिक्क्यापेक्षां वहीवर विश्वास ठेवावा, हेंच येथें खरें.