वस्त्र कोठून आले? : श्रावकाच्या व्यापारविवेकाचा मागोवा

पाटणच्या पटोळ्याविषयी एक आख्यायिका साळवी विणकरांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. बाराव्या शतकात अणहिलवाड पाटण येथे चौलुक्य राजा कुमारपाळ राज्य करीत होता. पूजेस जाताना तो रोज नवे कोरे रेशमी पटोळे परिधान करी. ही वस्त्रे येत ती आपल्या जालन्याहून. एके दिवशी राजाच्या कानी आले की, जालन्याचा राजा ही वस्त्रे प्रथम स्वतःच्या बिछान्यावर अंथरतो आणि मगच ती परराज्यांत विक्रीस पाठवितो. वापरलेले वस्त्र पूजेला कसे चालावे? कुमारपाळाने सातशे साळवी कुटुंबे आणून पाटणला वसविली आणि वस्त्र आपल्या डोळ्यांसमोर विणले जाईल अशी व्यवस्था केली. आख्यायिकेतील आकडा आणि तपशील इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतील हा प्रश्न वेगळा. परंतु वस्त्र अंगावर घेण्यापूर्वी ते कोठून आले याची एका राजाने चौकशी केली, ही स्मृती आठ-नऊशे वर्षे जपली गेली आहे, हेच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

राजाने विचारलेला प्रश्न शुद्धीचा होता. ‘हे वस्त्र यापूर्वी कोणी वापरले काय?’ एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे होते. ‘या वस्त्रासाठी कोणाचा जीव गेला काय?’ हा प्रश्न त्या आख्यायिकेत कोठेही नाही. आश्चर्य असे की, तो दुसरा प्रश्न त्याच काळात, त्याच राजसभेत, त्याच राजाच्या गुरूंनी ग्रंथरूपाने मांडून ठेवला होता.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांचे ‘योगशास्त्र’ कुमारपाळाच्या विनंतीवरून रचले गेले. श्रावकाने कोणते व्यवसाय टाळावेत याची ‘उपासकदशांग’ या आगमात पंधरा कर्मादानांच्या रूपाने आलेली यादी हेमचंद्राचार्यांनी तेथे विस्ताराने उलगडली आहे. आपण ही नावे प्रतिक्रमणाच्या वेळी अतिचार म्हणून उच्चारतो आणि पुढे जातो. पण आज वस्त्र-अलंकारांच्या व्यापारावर नजर ठेवून ती पुन्हा वाचावीत. दंतवाणिज्यात केवळ हस्तिदंत नाही. केस, नखे, अस्थी, कातडी, लोम असे त्रस जीवांचे सर्व अवयव त्यात येतात. लाक्षावाणिज्यात लाखेबरोबर नीळही आहे. रसवाणिज्यात लोणी, मध आणि मद्य यांच्या जोडीला चरबी आहे. आणि केशवाणिज्य म्हणजे केसांचा व्यापार नव्हे, तर द्विपाद व चतुष्पाद जीवांची, म्हणजे माणसांची आणि जनावरांची विक्री. रंग, चामडे, लोकर, दागिने, मजूर : पोशाखाच्या धंद्यातील निम्मी सामग्री या चार नावांत सामावली आहे.

दंतवाणिज्याच्या व्याख्येत हेमचंद्राचार्यांनी एक छोटा शब्द योजला आहे, त्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘आकर’. आकर म्हणजे वस्तू जेथे उत्पन्न होते ते स्थान, खाण, उगम. हे पदार्थ व्यापारासाठी आकराच्या ठिकाणी घेणे म्हणजे दंतवाणिज्य. उगमस्थानीच दोष का? टीकाकारांनी दिलेले कारण फार मार्मिक आहे. व्यापारी अरण्यात राहणाऱ्या पुलिंदांना आगाऊ द्रव्य देतो आणि दंत आणून ठेवण्यास सांगतो. व्यापारी लवकरच येणार म्हणून पुलिंद हत्ती मारतात. शस्त्र पुलिंदाच्या हाती असते, पण हत्तीचा वध घडतो तो व्यापाऱ्याच्या मागणीमुळे व त्याच्या मुदतीमुळे. आज ज्याला ‘सप्लाय चेन’ म्हणतात तिच्या नीतीचे मर्म या एका उदाहरणात आले आहे. इतक्या स्पष्ट शब्दांत खरेदीदाराला जबाबदार धरणारे विवेचन त्या काळच्या अन्य व्यापारविषयक लेखनात माझ्या वाचनात आलेले नाही.

मात्र याच विवेचनाला एक पुस्ती जोडलेली आहे. आकराबाहेर, म्हणजे उगमापासून दूर बाजारात, दंतादी वस्तू घेण्यात वा विकण्यात दोष नाही. त्या काळी या सवलतीला अर्थ होता. बाजारात पडलेला दंत कदाचित नैसर्गिक मृत्यू आलेल्या हत्तीचा असेल, कदाचित जुन्या वस्तूचा असेल, आणि तो घेतल्याने अरण्यातील पुलिंदापर्यंत संदेश जाईलच असे नव्हते. व्यापाराचे रूप बदलले तसा या सवलतीचा अर्थ पालटला. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील हत्तींचे दंत झांजीबारहून मुंबई आणि कच्छ-मांडवी येथे गलबतांतून येत. गुजराती नववधूच्या हाती हस्तिदंती चुडा भरला जाई. पेढीवरील शेटजींनी आफ्रिकेचे अरण्य कधी पाहिलेले नव्हते. ते आकरापासून हजारो मैल दूर होते. तरी त्यांची मागणी पत्राने, हुंडीने, दलालाच्या तोंडून पुलिंदापर्यंत पोहोचतच होती. अखेर १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला तो सरकारांच्या परिषदेत. व्यापारी समाजाने स्वतःहून घेतलेला तो निर्णय नव्हता, याची नोंद करणे भाग आहे.

आता रेशमाकडे वळू. रेशीम किड्यापासून होते हे पूर्वसूरींना ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. ‘अनुयोगद्वार’ सूत्रात सुताचे प्रकार सांगताना कीटकज सुताचा स्वतंत्र वर्ग केला आहे आणि त्याचे पट्ट, मलय, अंशुक, चीनांशुक व कृमिराग असे पाच भेदही दिले आहेत. ज्ञान होते, वर्गीकरण होते. तरी रेशीम निषिद्ध व्यापारांच्या यादीत नाव घेऊन आले नाही, आणि पुढे तर पूजेचे वस्त्र म्हणूनच ते रूढ झाले. आपल्या महाराष्ट्रात सोवळे म्हणजे रेशमी वस्त्र अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्या वातावरणाचा परिणाम आपल्या मंदिरांवरही झाला असावा, असे माझे मत आहे. शुद्धीचा प्रश्न अहिंसेच्या प्रश्नावर मात करून गेला.

रेशमाच्या कोषात काय घडते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. तुतीच्या पानांवर वाढणारी अळी चार वेळा कात टाकते आणि सुमारे महिन्याभरात पूर्ण वाढते. मग दोन-तीन दिवसांत ती तोंडावाटे अखंड तंतू सोडून स्वतःभोवती कोष विणते. हा तंतू कित्येक शे मीटर लांब असतो. आत अळीचे पतंगात रूपांतर होते, आणि पतंग बाहेर पडताना कोषाला छिद्र पाडतो. छिद्र पडले की तंतूची सलगता जाते व धागा उलगडता येत नाही. म्हणून पतंग बाहेर येण्यापूर्वीच वाफेने किंवा उष्ण हवेने आतील जीव मारतात आणि मग कोष गरम पाण्यात टाकून धागा काढतात. एक किलो कच्च्या रेशमासाठी साधारणतः सात-आठ किलो कोष लागतात. एकेक कोष दीड-दोन ग्रॅमचा, तेव्हा हिशेब वाचकांनीच करावा.

विसाव्या शतकात हा प्रश्न हळूहळू पुढे आला, पण त्याआधी गिरणीच्या कापडाने एक धक्का दिला होता. गिरणीत ताण्याच्या सुताला खळ देताना पिठाच्या कांजीत प्राण्यांची चरबी मिसळत, म्हणजे सूत मऊ राहून माग चालताना तुटत नसे. वरून पाहता कापूस निर्दोष. पण हेमचंद्राचार्यांच्या रसवाणिज्यातील चरबी त्या सुती कापडातच दडलेली. अहमदाबादच्या गिरणधंद्यात जैन भांडवल मोठ्या प्रमाणावर गुंतले होते, ही गोष्ट येथे विसरून चालणार नाही. हातमागाच्या पाजणीला चरबीची गरज नव्हती. अनेक श्रावकांना खादी जवळची वाटली त्यामागे देशभक्तीबरोबर हेही एक कारण होते.

खादीने आणखी एक गोष्ट केली, तिचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे ओळखले गेलेले नाही. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने खादीच्या विक्रेत्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत पाडली. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्यास राहत असताना त्यांनी सूत कातणाऱ्या स्त्रीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत असा आग्रह धरला. तेवढे देणे संघाला शक्य झाले नाही. पण कताईची किमान मजुरी ठरविली गेली, ती पूर्वीहून वाढली, आणि खादी महाग झाली. कार्यकर्त्यांनी विक्री घटेल अशी भीती व्यक्त केली, ती निराधार नव्हती. तरी ग्राहकाला स्वस्त मिळावे म्हणून कातणारीने उपाशी राहावे हे गांधीजींनी मान्य केले नाही. आज परदेशी तयार कपड्यांवर ‘फेअर ट्रेड’चे लेबल पाहून आपण कौतुक करतो. त्या कल्पनेची एक जुनी नोंद वर्ध्याच्या मातीत सापडते.

रेशमाच्या प्रश्नाला संघटित वाचा फुटली ती पुण्यात. इंग्लंडमध्ये लेडी डाउडिंग यांनी १९५९ साली ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही चळवळ सुरू केली. तिची भारतीय शाखा १९७४ मध्ये डायना रत्नागर यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झाली. रेशीम, मोती, फर, कातडी या वस्तू कशा तयार होतात याची माहिती या संस्थेने सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचविली, आणि अनेक जैन घरांत रेशमी वस्त्रांविषयी प्रथमच चर्चा झाली. कित्येक ठिकाणी पूजेसाठी सुती वस्त्रांचा आग्रह धरला जाऊ लागला. त्याच सुमारास नव्हे, पण पुढे १९९० च्या दशकात आंध्र प्रदेशातील हातमाग क्षेत्रातले अधिकारी कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोषांपासून कातलेल्या सुताची वस्त्रे विणून घेतली. हेच ‘अहिंसा सिल्क’. तलम झळाळी कमी, किंमत जास्त, पण वधाविना.

येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ‘अहिंसा’ हे नाव छापले की शंका संपते असे नाही. पाळीव रेशीमपतंगाला उडता येत नाही, तो काही दिवसांतच मरतो. मादी चारशेच्या आसपास अंडी घालते. त्या सर्व अळ्यांना तुतीची पाने कोण पुरविणार? बियाण्यासाठी राखलेल्या कोषांच्या बाबतीत तर, रोगाची तपासणी म्हणून, अंडी घातल्यावर मादीला चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पाश्चरप्रणीत पद्धत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. आसामच्या एरी रेशमाचा कोष एका टोकाला उघडा असतो, जीव न मारता त्याचे सूत कातता येते. पण तेथील अनेक समाजांत आतील कोषस्थ जीव आहार म्हणून खातात. तेव्हा एरी म्हणजे आपोआप अहिंसक, हेही गृहीत धरता येत नाही. प्रत्येक वेळी आकरापर्यंत जाऊनच पाहावे लागते.

आणि आकरात केवळ किडा नसतो, माणूसही असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. वरच्या मजल्यांवर युरोप-अमेरिकेतील दुकानांसाठी कपडे शिवले जात होते. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना आत बोलाविले गेले, कारण माल ठरल्या मुदतीत रवाना करावयाचा होता. परदेशी खरेदीदारांपैकी कोणी ती इमारत बांधली नव्हती. आगाऊ मागणी, येऊन ठेपलेली मुदत आणि दूर बसलेला व्यापारी : टीकाकारांच्या पुलिंदाची गोष्ट शब्दशः तीच. तीत हत्तीच्या जागी शिलाईकाम करणाऱ्या मुली होत्या.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारासाठी हिरवे चिन्ह छापणे बंधनकारक झाले, आणि त्यामुळे आपल्या घरांतील खरेदीच बदलून गेली. वस्त्रावर तसे बंधनकारक चिन्ह नाही. २००४ साली केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ‘सिल्क मार्क’ आला. तो रेशीम अस्सल असल्याची ग्वाही देतो, कोष कसा हाताळला याविषयी काही सांगत नाही. येवल्याच्या पैठणीला लागणारे बरेचसे रेशीम कर्नाटकातून येते. बंगळूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर रामनगर येथे कोषांचा मोठा बाजार भरतो. शेतकरी जाळीच्या तबकांत पांढरे-पिवळे कोष ओतून ठेवतात, लिलाव होतो, आणि धागा काढणारे कारखानदार ते घेऊन जातात. लिलावाच्या वेळी कोषातील जीव जिवंत असतो.