टिटवीचा समुद्र आणि ह्यूमचा फेब्रुवारी

'टिटवीदेखील समुद्र आटविते' ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो आहोत. क्षुद्रातल्या क्षुद्रानेही निर्धार केला तर मोठे कार्य घडते, असा अर्थ फळ्यावर लिहिला की तास संपतो. या म्हणीत एक पक्षी आहे, एक किनारा आहे आणि वाळूत उघड्यावर घातलेली अंडी आहेत, म्हणजेच एक ऋतूही आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मला येथे त्या ऋतूविषयी लिहायचे आहे. कारण कोकण किनाऱ्यावरील पक्ष्यांचा लिखित इतिहास पाहू लागलो की त्यात उन्हाळाच सर्वांत उशिरा आणि सर्वांत तुटकपणे उतरलेला दिसतो.

म्हणीमागची कथा पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रातील. टिट्टिभाची मादी समुद्रकाठी अंडी घालायला कचरते. नर तिला बढाईखोर दिलासा देतो. समुद्र त्याची परीक्षा पाहण्यासाठी अंडी उचलून नेतो. मग टिट्टिभ चोचीने समुद्र उपसण्याची प्रतिज्ञा करतो, सारे पक्षी गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे, आणि समुद्राला अंडी परत करावी लागतात. आकाश कोसळेल या भीतीने पाय वर करून झोपणारी टिटवी याच कथेत भेटते. इंग्रजी भाषांतरकार आर्थर रायडर याने 1925 साली टिट्टिभासाठी 'प्लोव्हर' हा शब्द योजला. आपल्या माळावर, नांगरटीत ओरडणारी टिटवी काही खास समुद्रपक्षी नव्हे. पण तिच्याच कुळातले चिलखे मात्र खरोखर किनाऱ्याचे रहिवासी आहेत.

त्यांतील केंटिश चिलखा हा चिमणीहून थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा पक्षी. घरटे म्हणावे असे तो काही बांधत नाही. वाळूत एक उथळ खळगा, फार तर शिंपल्यांचे चार तुकडे, आणि त्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी. उन्हाळ्यात या अंड्यांना ऊब देण्यापेक्षा ती भाजू न देणे हेच अधिक कठीण काम असते. दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो सावली म्हणून. मध्येच उठून पाण्यावर जातो, पोटाची पिसे भिजवतो आणि ओल्या अंगाने परत येऊन बसतो. टिटवीही हेच करते. थेंबाथेंबाने पाणी वाहून नेणारा पक्षी कथेत आहे, आणि तो प्रत्यक्षातही आहे. फक्त कथेत तो समुद्र रिकामा करण्यासाठी पाणी उचलतो आणि वाळूवर अंडी वाचवण्यासाठी. एवढ्यावरून कथाकाराने हे दृश्य पाहिले होते असे विधान करणे धाडसाचे होईल, आणि ते मी करणार नाही. परंतु उधाणाची रेषा आणि अंड्यांचा खळगा यांतील वीतभर अंतराची भीती त्याला ठाऊक होती, एवढे कथेवरून निश्चित म्हणता येते.

आता लिखित नोंदींकडे वळू. ॲलन ऑक्टेव्हिअन ह्यूम हे नाव मराठी वाचकाला 1885 च्या काँग्रेस स्थापनेमुळे माहीत असते. पक्षिशास्त्रात त्याची ओळख निराळी आहे: 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकाचा संपादक आणि हजारो पक्ष्यांच्या कातड्यांचा संग्राहक. 1875 साली तो लक्षद्वीपच्या सफरीवर गेला. सफरीचा सरकारी हेतू दीपगृहांसाठी जागा पाहण्याचा होता. पक्षी हा ह्यूमचा हेतू. या सफरीचे आणि पश्चिम किनाऱ्याचे दीर्घ वर्णन त्याने 1876 साली प्रसिद्ध केले, आणि त्यात वेंगुर्ल्यासमोरचे खडक आले. पोर्तुगीज नावावरून इंग्रजी नकाशांत 'जळकी बेटे' म्हणून नोंदले गेलेले हे खडक म्हणजे सुरयांची आणि पाकोळ्यांची मोठी वसाहत.

पण ह्यूमची ही सफर फेब्रुवारीतली. थंडीत दौरा आणि उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण, हे त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याचे पंचांग. ज्ञानाचे पंचांगही मग तेच झाले. फेब्रुवारीत किनाऱ्यावर दिसतात ते उत्तरेकडून आलेले पाहुणे: तुतारी, कोरल, चिलख्यांचे थवे. एप्रिल-मे महिन्यांत ते सैबेरियाकडे, मध्य आशियाकडे निघून जातात. काही अपरिपक्व पिल्ले तेवढी मागे राहतात. नेमक्या त्याच सुमारास दूरच्या समुद्रावरून सुरय या खडकांवर विणीसाठी येऊ लागतात. इंग्रजीत ज्याला 'ब्रायडल्ड टर्न' म्हणतात तो, म्हणजे चोचीपासून डोळ्यामागे काळी पट्टी गेलेला जणू लगाम घातलेला सुरय, त्यांत प्रमुख. त्याची वीण उन्हाळ्याच्या अखेरीकडून पावसाळ्यात शिरते, आणि तेव्हा तर समुद्रच बंद होतो. ज्येष्ठात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत त्या खडकांकडे कोणी फिरकत नाही. पक्ष्यांनी ही सुरक्षितता पाहूनच जागा निवडली असावी. नोंद करणाऱ्याची मात्र पंचाईत.

1880 साली रत्नागिरीतील मुलकी अधिकारी व्हायडल याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची 'पहिली यादी' प्रसिद्ध केली. शीर्षकातील 'पहिली' हा शब्द मला नेहमी खटकतो. छापलेली पहिली, एवढाच त्याचा अर्थ. सुरयांचा थवा कुठे घिरट्या घालतो यावरून माशांचा थवा ओळखणारा मच्छीमार त्याआधी शतकानुशतके तेथे होता; त्याची यादी जिभेवर होती, इतकेच. ह्यूमच्या लेखानंतर तब्बल 64 वर्षांनी, 1940 साली, हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ला खडकांवरील पाकोळ्या आणि सुरय यांच्यावर मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये स्वतंत्र लेख लिहिला; 1942 साली दुसरा. पक्षी एका जागी किती काळ आणि कशासाठी राहतात, हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी आला. कातड्यांच्या संग्रहातून तो निघणे शक्यच नव्हते.

पाकोळ्यांची गोष्ट थोडी वेगळी आणि अधिक कटू आहे. त्या खडकांतील गुहांत लाळेने बांधलेली त्यांची घरटी पूर्वेकडच्या देशांत सूपासाठी मोलाने विकली जातात. म्हणजे या बेटांची वीण कधी होते हे विद्वानांच्या आधी घरटी काढणाऱ्यांना अचूक माहीत होते. ज्ञान होते, पण ते लुटीच्या कामी होते. 2000 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ही तस्करी उजेडात आणली आणि घरट्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

एक भाषिक मुद्दाही येथे नोंदवला पाहिजे. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात टाकून दिलेल्या सीतेच्या आक्रोशाला कालिदासाने कुररीच्या आक्रोशाची उपमा दिली आहे. ही कुररी कोण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी मत्स्यभक्षी गरुडाच्या जातीचा पक्षी मानतात, कोणी सुरय. मराठीत कुररी हा शब्द सुरयांसाठीही रूढ झाला. विणीच्या वसाहतीत माणूस शिरला की शेकडो सुरय डोक्यावर घोंगावत जो कर्कश कल्लोळ करतात तो ज्याने ऐकला असेल, त्याला दुसरा अर्थ जवळचा वाटेल. आपल्या टीकाग्रंथांत 'एक पक्षिविशेष' असे लिहून हा प्रश्न मिटवला जातो, हे काही टीकाकाराला शोभत नाही.

आज मे महिन्यात कोकणचे किनारे ओस नसतात. सुट्टीची गर्दी असते, वाळूवरून गाड्या धावतात, मागे सोडलेल्या खाद्यपदार्थांवर कुत्री आणि कावळे जमतात. चिलख्याची वीण याच दिवसांतली. वाळूच्या रंगाची अंडी शत्रूच्या डोळ्यांपासून लपतात. टायर मुळात पाहतच नाही. पंचतंत्रातील समुद्राने अंडी नेली ती परत करण्यासाठी तरी जपून ठेवली होती.