डोक्यातील सततचा दाब : कारणे, धोक्याची लक्षणे आणि निदानाची वाट

आनेकल (बंगळूरु) : डोक्यावर जड ओझे ठेवल्यासारखा किंवा कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखा दाब महिनोन्‌महिने कायम राहतो, रक्ताच्या तपासण्या आणि स्कॅन यांचे अहवाल मात्र निर्दोष येतात. मराठीत ‘डोके जड होणे’ आणि कन्नडमध्ये ‘तले भार’ या शब्दांत रुग्ण ही तक्रार मांडतात. कर्नाटक-तमिळनाडू सीमेलगतच्या आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहती असून विविध राज्यांतून आलेले कामगार तेथे राहतात. परक्या भाषेत ही अस्पष्ट वेदना डॉक्टरांना समजावून सांगणे, ही त्यांच्या निदानातील पहिली अडचण असते.

तक्रार किती व्यापक?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजे ३.१ अब्ज व्यक्तींना, डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. बंगळूरुतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था, अर्थात निम्हान्स, येथील संशोधकांनी शहर आणि परिसरातील ग्रामीण भागात घरोघरी जाऊन १८ ते ६५ वयोगटातील २,३२९ प्रौढांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात डोकेदुखी झाल्याचे ६३.९ टक्के व्यक्तींनी सांगितले. महिन्यातील १५ किंवा त्याहून अधिक दिवस डोके दुखणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्के आढळले. शंभर प्रौढांमागे तिघे, असा हा हिशेब आहे.

दाब जाणवण्याची नेहमीची कारणे

डोक्याच्या दोन्ही बाजूंना, आवळल्यासारखा, सौम्य ते मध्यम आणि चालण्या-फिरण्याने न वाढणारा दाब हे तणाव-प्रकारच्या डोकेदुखीचे लक्षण मानले जाते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तो तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातून सरासरी १५ किंवा अधिक दिवस राहिल्यास त्यास दीर्घकालीन म्हणतात. नावात ‘तणाव’ असला तरी प्रत्येक रुग्णास मानसिक ताण असतोच असे नाही. मान व टाळूच्या स्नायूंची वाढलेली संवेदनशीलता आणि मेंदूची वेदना हाताळण्याची बदललेली पद्धत, अशी दोन्ही अंगे या विकारात असतात.

दीर्घकालीन अर्धशिशीतही अनेक दिवस केवळ जडपणा जाणवतो. मळमळ, प्रकाश व आवाज असह्य होणे आणि हालचालीने वेदना वाढणे या खुणा विचारल्या न गेल्यास हा विकार ‘सायनस’ किंवा ‘चष्म्याचा नंबर’ समजून वर्षानुवर्षे निसटतो.

आणखी एका विकारात रुग्णास दुखणे सुरू झालेला दिवसही स्पष्ट आठवतो. त्या दिवसापासून २४ तासांच्या आत वेदना अखंड होते आणि तीन महिन्यांनंतरही टिकून राहते. ‘नव्याने उद्भवलेली दैनंदिन सततची डोकेदुखी’ या अर्थाच्या नावाने तिचे वर्णन वॉल्टर व्हॅनास्ट यांनी १९८६ मध्ये प्रथम केले. काही रुग्णांत ती एखाद्या संसर्गानंतर सुरू होते. अनेकांत कारण सापडत नाही.

औषधच कारण ठरते तेव्हा

साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तसेच मिश्र वेदनाशामके, ट्रिप्टान, अर्गोटामाइन किंवा अफूवर्गीय औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास औषधामुळेच डोकेदुखी जडू शकते. निम्हान्सच्या पाहणीत अशी संभाव्य डोकेदुखी १.२ टक्के प्रौढांत आढळली. पाळीच्या वेळा सांभाळण्यासाठी दुकानातून रोज गोळी घेणारा कामगार या चक्रात नकळत सापडतो. गोळी बंद केल्यावर प्रारंभीचे काही दिवस त्रास वाढतो. त्यामुळे ‘गोळीशिवाय चालतच नाही’ अशी त्याची खात्री होते. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी लागतात.

दुर्लक्ष परवडणार नाही अशी कारणे

दीर्घकालीन दाबामागे गंभीर आजार असण्याची शक्यता कमी असली, तरी काही आजारांत विलंबाची किंमत मोठी असते. मेंदूभोवतीच्या द्रवाचा दाब विनाकारण वाढण्याचा विकार मुख्यत्वे वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत दिसतो. वाकल्यावर क्षणभर अंधारी येणे, कानात नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज आणि एकाऐवजी दोन प्रतिमा दिसणे ही त्याची लक्षणे होत. डोळ्याच्या मागील बाजूस चेतातंतूला आलेली सूज नेत्रतज्ज्ञास दिसते. पाठीच्या कण्यातील द्रवाचा दाब २५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरल्यास निदानाला पुष्टी मिळते. उपचार न झाल्यास कायमची दृष्टिहानी होऊ शकते.

याउलट, उभे राहिल्यावर वाढणारा आणि आडवे झाल्यावर कमी होणारा दाब हा द्रवाच्या गळतीचा इशारा असू शकतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना नव्याने सुरू झालेली डोकेदुखी मेंदूच्या शिरांतील रक्ताच्या गुठळीमुळे असू शकते. भारतात क्षयजन्य मेंदूज्वर आणि पट्टकृमीच्या अळ्यांचा मेंदूतील संसर्ग यांचाही विचार करावा लागतो.

पुढील लक्षणे आढळल्यास तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते : क्षणार्धात शिगेला पोहोचलेली वेदना; ताप व मान ताठरणे; आकडी; हातापायांतील अशक्तपणा; बोलणे अडखळणे; शुद्ध हरपणे; दृष्टी मंदावणे; डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे. वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, तसेच कर्करोग किंवा एचआयव्हीबाधित रुग्णाची नवी डोकेदुखी यांची तपासणीही लांबणीवर टाकता येत नाही.

‘अहवाल सामान्य’ याचा अर्थ

तणाव-प्रकारची डोकेदुखी किंवा अर्धशिशी यांची खूण स्कॅनमध्ये उमटत नाही. त्यांचे निदान रुग्णाच्या कथनावरून आणि शारीरिक तपासणीवरून होते. निर्दोष एमआरआय गाठीसारखी कारणे बहुतांशी दूर सारतो. वेदना खोटी असल्याचे तो सिद्ध करत नाही. द्रवाचा वाढलेला दाबही साध्या स्कॅनमध्ये निसटू शकतो. म्हणून नेत्रपटलाची तपासणी आणि गरजेनुसार शिरांचे स्वतंत्र चित्रण महत्त्वाचे असते. दुसऱ्या बाजूने, स्कॅनमध्ये सहज आढळलेला लहान पांढरा ठिपका किंवा सायनसच्या अस्तराची किंचित जाडी हेच दुखण्याचे कारण मानले गेल्यास अनावश्यक उपचारांचा खर्च वाढतो.

सकाळी उठताच डोके जड असणे, मोठ्याने घोरणे आणि दिवसा झोप येणे या लक्षणांत झोपेतील श्वासावरोधाची तपासणी उपयुक्त ठरते. कामाच्या दिवशी सुरू होऊन सुटीत ओसरणारा दाब हाही मोलाचा धागा आहे. रासायनिक द्रावकांची वाफ, गोंगाट, उष्णता, पाण्याची कमतरता आणि मान वाकवून केलेले काम यांची माहिती डॉक्टरांना स्वतःहून देणे हिताचे असते.

नोंदवहीचे महत्त्व

किमान महिनाभर ठेवलेली नोंदवही दीर्घ सल्लामसलतीइतकी उपयोगी पडते. तारीख, सुरुवातीची व संपण्याची वेळ, वेदनेची शून्य ते दहा या मोजपट्टीवरील तीव्रता, सोबतची लक्षणे, झोप, मासिक पाळी, चहा-कॉफी आणि घेतलेली प्रत्येक गोळी यांची नोंद त्यात असावी. जुन्या चिठ्ठ्या व अहवाल तारखेनुसार लावून नेल्यास त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. भाषेची अडचण असल्यास चार वाक्यांत लिहून नेलेला गोषवाराही पुरेसा ठरतो.

उपचार कशाचे?

दीर्घकालीन तणाव-प्रकारच्या डोकेदुखीत रात्री अल्प मात्रेत दिले जाणारे अमिट्रिप्टिलीन हे प्रतिबंधक औषध प्रचलित आहे. नैराश्यावर वापरले जाणारे औषध वेदनेसाठी दिल्याने ‘डॉक्टरांनी मनोरुग्ण ठरवले’ असा गैरसमज होतो आणि ते मध्येच सोडले जाते. त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. नियमित झोप, व्यायाम, भौतिकोपचार आणि वर्तनोपचार यांची जोड त्यास दिली जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने १६० रुग्णांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अधूनमधून होणाऱ्या अर्धशिशीत औषधोपचाराला योगाची जोड दिल्याने अधिक लाभ दिसला. सततच्या दाबाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही.

आनेकलमधून पुढे कोठे?

पहिला टप्पा प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुका रुग्णालय हाच योग्य ठरतो. तेथे रक्तदाब, डोळे आणि चेतासंस्थेची प्राथमिक तपासणी होऊ शकते. निम्हान्स आणि राज्याचा आरोग्य विभाग यांनी २०२२ मध्ये सुरू केलेल्या कर्नाटक मेंदू आरोग्य उपक्रमात प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांना डोकेदुखी, अपस्मार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांच्या उपचारांचे प्रशिक्षण देण्यात येते. निदान न झाल्यास चेताविकारतज्ज्ञाकडे जावे लागते. होसूर रस्त्यावरील निम्हान्स ही १९७४ मध्ये दोन संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिलेली केंद्रीय संस्था असून तेथील बाह्यरुग्ण विभाग देशभरातील रुग्णांना खुला आहे. महाराष्ट्रातील रुग्णांना जिल्हा रुग्णालयामार्फत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या चेताविकार विभागापर्यंत जाता येते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगारांना तिच्या दवाखान्यातून उपचार मिळतात. आवश्यक अंशदान पूर्ण असल्यास आजारपणात वर्षाला कमाल ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के भत्ताही मिळू शकतो. त्यासाठी आजारपणाचे प्रमाणपत्र लागते. दुकानातून गोळी घेऊन कामावर जाणाऱ्याच्या हाती असा कोणताही कागद उरत नाही.

निदानाविना गेलेल्या महिन्यांत चिंता आणि निद्रानाश वाढतात आणि त्यांच्यामुळे वेदनाही वाढते. मानसिक आधारासाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’चा निःशुल्क क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध असून मराठी व कन्नडसह अनेक भाषांत समुपदेशन मिळते.

काही रुग्णांत सर्व तपासण्यांनंतरही मूळ कारण हाती लागत नाही. अशा वेळी दर काही महिन्यांनी एकाच डॉक्टरांकडे फेरतपासणी, नवी लक्षणे दिसताच त्यांना कळवणे आणि वेदनाशामकांवर मर्यादा ठेवणे ही पथ्ये पाळावी लागतात. दाब पूर्ण नाहीसा होत नसला तरी त्रासाचे दिवस कमी होऊन काम आणि झोप पूर्ववत होणे, हे उपचाराचे यशच मानले जाते.