टसर पतंगाची वाढ आणि शरीरप्रमाण

अँथेरिया मायलिटा हे शास्त्रीय नाव असलेला टसर पतंग हा सॅटर्निडी कुळातील, वन्य रेशीम देणारा कीटक आहे. महाराष्ट्रात त्याचे संगोपन मुख्यत्वे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर केले जाते. या भागात टसरच्या कोषाला ‘कोसा’ म्हणतात. प्रौढ पतंगाची मुखांगे अविकसित असल्याने तो काहीही खात नाही. त्यामुळे त्याचे आकारमान, पंख व पोट यांचे परस्परप्रमाण आणि मादीच्या पोटातील अंड्यांची संख्या या गोष्टी प्रामुख्याने अळीने झाडावर खाल्लेल्या पानांवर आणि त्या काळातील संप्रेरकांच्या वेळापत्रकावर अवलंबून असतात.

जीवनक्रम

तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणे टसरची अळी घरात ट्रेमध्ये वाढवली जात नाही. अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या उघड्यावरील झाडांवर सोडतात. पाने संपत आली की अळ्यांसह फांद्या तोडून त्या दुसऱ्या झाडावर हलवतात आणि पक्षी, मुंग्या व गांधीलमाश्यांपासून पिकाची राखण करतात. आरमोरी परिसरात व आसपासच्या तालुक्यांत ढिवर समाजातील कुटुंबे हा व्यवसाय परंपरेने करत आली आहेत. पावसाळ्यातील पिकात अळीची वाढ साधारण महिना-सव्वा महिन्यात पूर्ण होते; हिवाळ्याकडे झुकणाऱ्या पिकात थंडीमुळे हा काळ बराच लांबतो. शेवटच्या पिकातील कोषांत कोशित उन्हाळाभर सुप्तावस्थेत राहते आणि पावसाच्या सुमारास पतंग बाहेर येतो.

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. डोक्याचे कवच कठीण असल्याने ते केवळ कात टाकतानाच मोठे होते. मऊ धड मात्र दोन कातींच्या मध्येही ताणले जाते. म्हणून कात टाकल्यावर अळी मोठ्या डोक्याची दिसते आणि पुढच्या कातीच्या आधी तेच डोके लहान भासते. प्रत्येक कातीला डोक्याची रुंदी जवळजवळ ठरावीक पटीने वाढते, हे डायर यांनी १८९० मध्ये दाखवले. या नियमाचा उपयोग आजही अळीची अवस्था ओळखण्यासाठी होतो.

संप्रेरकांचे कार्य

मेंदूतून स्रवणाऱ्या एका संप्रेरकामुळे अग्रवक्ष ग्रंथी उद्दीपित होऊन एक्डायसोन तयार करते आणि कात टाकण्याची प्रक्रिया सुरू होते. ती कात अळीची असेल की कोशिताची, हे रक्तातील बालसंप्रेरक ठरवते. त्याची पातळी उंच असेल तर अळीची अळीच राहते. ती घसरल्यावर रूपांतरणाचा मार्ग मोकळा होतो. एक्डायसोन प्रथम १९५४ मध्ये बुटेनांट व कार्लसन यांनी तुतीच्या रेशीमकिड्याच्या सुमारे ५०० किलो कोशितांतून वेगळे केले. हाती आले ते केवळ २५ मिलिग्रॅम. बालसंप्रेरकाचा अर्क कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्ये टसरच्याच कुळातील सिक्रोपिया पतंगाच्या नरांपासून मिळवला.

अन्नाची वार्ता शरीरभर पोहोचवण्याचे काम इन्सुलिनसदृश संप्रेरके करतात. त्यांपैकी बॉम्बिक्सिन हे १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी तुतीच्या रेशीमकिड्यातच शोधले. पोषण चांगले असताना अशी संप्रेरके ऊतींच्या वाढीला चालना देतात. उपासमारीत हा संकेत मंदावतो.

उपासमारीची वेळ

पाने कमी पडली एवढेच महत्त्वाचे नसते. ती केव्हा कमी पडली यावर परिणाम अवलंबून असतो. टसरशी दूरचे नाते असलेल्या तंबाखूवरील मँड्युका अळीवर नायहाउट व विल्यम्स यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून ‘निर्णायक वजना’ची कल्पना पुढे आली. शेवटच्या अवस्थेत हे वजन गाठण्यापूर्वी अळी उपाशी राहिली, तर रूपांतरण लांबते. ते गाठल्यानंतर अन्न तुटले, तर रूपांतरण ठरल्या वेळी होते, पण प्राणी लहान निपजतो. घड्याळ एकदा सुरू झाले की भूक त्याला थांबवू शकत नाही. अळी आपल्या आयुष्यातील बहुतेक अन्न पाचव्या अवस्थेतच खाते आणि झाडेही तेव्हाच झपाट्याने निष्पर्ण होतात. या टप्प्यावर फांदी बदलण्यास झालेला उशीर नंतर भरून निघत नाही. पतंग बाहेर येतो, पण कोष हलका असतो आणि लहान मादी अंडीही कमी घालते. त्यामुळे पुढच्या पिकाच्या बियाण्यालाही फटका बसतो.

अवयवांमधील वाटणी

शरीर लहान झाले म्हणून सर्व अवयव सारख्याच प्रमाणात लहान होत नाहीत. फळमाशीत अन्न तुटल्यास पंख लक्षणीय लहान होतात, पण नराच्या जननेंद्रियाचे आकारमान फारसे बदलत नाही. कारण त्या ऊती इन्सुलिनच्या संकेताला कमी प्रतिसाद देतात. जपानी गेंडाभुंग्याच्या शिंगाचे याच्या उलट आहे. ते या संकेताला अतिशय संवेदनशील असल्यामुळे पोसलेल्या नरात शरीराच्या मानाने अवाजवी मोठे होते. अवयव एकमेकांशी स्पर्धाही करतात. एका फुलपाखराच्या अळीतून मागील पंखांचे अंकुर काढून टाकले असता पुढील पंख नेहमीपेक्षा मोठे झाले. त्याच फुलपाखराच्या पंखांच्या अंकुरांना वाढीसाठी बॉम्बिक्सिन व एक्डायसोन ही दोन्ही संप्रेरके लागतात, असेही आढळले.

रेशीम संगोपनात सर्वांत महत्त्वाचा अवयव म्हणजे रेशीम ग्रंथी. शेवटच्या अवस्थेत ती इतर अवयवांपेक्षा कितीतरी वेगाने वाढते. तुतीच्या रेशीमकिड्यावर बालसंप्रेरकासारखी रसायने योग्य मात्रेत वापरून ही अवस्था काहीशी लांबवता येते आणि कोष जड होतो. त्यासाठी वाढीव दिवसांची पाने मात्र पुरवावी लागतात, आणि मात्रा जास्त झाली तर अळी कोष न विणता अळीच राहते. उलट, कोषविणी एकाच वेळी सुरू व्हावी म्हणून एक्डायसोनसदृश वनस्पतिजन्य द्रव्ये दिली जातात. टसरच्या अळ्या उंच झाडांवर, भर पावसात पसरलेल्या असतात. त्यामुळे संगोपकाच्या हाती मुख्यतः दोनच गोष्टी उरतात: एका झाडावर किती अळ्या सोडायच्या आणि फांदी कोणत्या दिवशी बदलायची.