निसार : ढगांआडून जमीन पाहणारा भारत-अमेरिकेचा उपग्रह

३० जुलै २०२५ रोजी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ रॉकेट ‘निसार’ला घेऊन उडालं आणि साधारण १९ मिनिटांत उपग्रह कक्षेत पोहोचला. इस्रो आणि नासा यांनी मिळून बनवलेला पृथ्वी पाहणारा हा पहिलाच उपग्रह. करार २०१४ साली झाला होता, म्हणजे तयारीलाच जवळपास ११ वर्षं गेली.

हा काम कसं करतो?

निसारमध्ये साध्या कॅमेऱ्याऐवजी रडार आहे. तो जमिनीकडे लहरी पाठवतो आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र तयार करतो. त्यामुळे रात्र असो की दाट ढग, त्याला अडचण येत नाही. त्यात दोन रडार आहेत : नासाचा एल-बँड आणि इस्रोचा एस-बँड. एल-बँडच्या लहरी सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या असल्याने त्या झाडांच्या पानांतून खालपर्यंत जातात. लहरी झेलायला १२ मीटर रुंदीची जाळीची अँटेना आहे. वजन जवळपास २,४०० किलो.

दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. दोन वेळची चित्रं जुळवली की जमीन काही सेंटिमीटर जरी सरकली किंवा खचली, तरी ते कळू शकतं. हिमनद्या, पिकं, जंगलं आणि जमिनीतला ओलावा यांचीही माहिती मिळते. ही माहिती सगळ्यांना मोफत मिळावी असं ठरलेलं आहे.

आपला काय संबंध?

निसार उडाला त्याच तारखेला, ३० जुलै २०१४ रोजी, पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळीये, २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी. तिन्ही वेळा ऐन पावसाळा होता आणि पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगच दिसतात. कोकणात डोंगराच्या कुशीत ज्यांची घरं आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

पण गैरसमज नको

निसार दरड कोसळायच्या आधी भोंगा वाजवणार नाही. मुसळधार पावसात काही तासांत कोसळणारा कडा १२ दिवसांच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच निसटू शकतो. भूकंपाची तारीखही तो सांगत नाही. हळूहळू सरकणारा उतार मात्र तो दाखवू शकतो. ती माहिती बघून वेळेत वस्ती हलवणं, हे काम जमिनीवरच्या माणसांचं.

म्हणून आम्ही एवढंच सांगू : घरामागच्या उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर वाट बघू नका. घरातल्यांना सुरक्षित जागी हलवा, शेजाऱ्यांना सांगा आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला लगेच कळवा.